तान्ह्या नजरेची पारख

पाळण्यावर टांगलेल्या रंगीत चिमण्यांकडे मूल एकटक पाहूं लागलें म्हणजे घरांतील आजीबाई 'बाळाची नजर ठरूं लागली' असें समाधानानें सांगतात. महाराष्ट्रांतील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोललें गेलेलें हें वाक्य साधेंच आहे. पण त्यांत एक संपूर्ण परीक्षा सामावलेली आहे. परीक्षक घरचा, साधन घरचें, आणि परीक्षार्थी बोलतां न येणारा! मात्र या परीक्षेचा निकाल एवढाच लागतो कीं, नजर ठरली किंवा ठरली नाहीं. किती अंतरावरून ठरली, भरपूर उजेडांत ठरली कीं संधिप्रकाशांत, आणि ठरलेल्या नजरेचा उपयोग त्या जीवाला दिवसभरांत कसा करतां येतो, हे पुढचे प्रश्न आजीबाईंच्या कक्षेबाहेरचे. आश्चर्य असें कीं, ते शास्त्राच्याहि कक्षेबाहेर फार काळ राहिले. ज्या विद्येनें ग्रहताऱ्यांचीं अंतरें मोजलीं, तिला पाळण्यांतील मुलाला वीतभर अंतरावरचें काय दिसतें हें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निश्चितपणें सांगतां येत नव्हतें. या अज्ञानाची किंमत पुष्कळ मुलांना द्यावी लागली. म्हणून तो इतिहास थोडा विस्तारानें पाहण्यासारखा आहे.

या विषयाला प्रथम हात घातला तो वैद्यांनीं नव्हे, तत्त्ववेत्त्यांनीं. डब्लिन येथील विल्यम मॉलिन्यू यानें १६८८ सालीं जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याला एक कोडें लिहून पाठविलें. एक जन्मांध मनुष्य आहे. चौकोनी ठोकळा आणि गोळा यांतील भेद त्याला हातानें चाचपून कळतो. त्याला एकाएकीं दृष्टि आली, तर हात न लावतां, नुसतें पाहून ठोकळा कोणता आणि गोळा कोणता हें त्याला सांगतां येईल काय? मॉलिन्यूची पत्नी लग्नानंतर लौकरच अंध झाली होती. तेव्हां हें कोडें केवळ बुद्धीची करमणूक म्हणून त्याला सुचलें असेल असें वाटत नाहीं. लॉकनें तें आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तींत घातलें. दोघांचेंहि उत्तर 'नाहीं' असेंच होतें.

पुढें १७२८ सालीं लंडनमधील शल्यवैद्य विल्यम चेसेल्डन यानें अगदीं लहानपणापासून मोतीबिंदूमुळें अंध असलेल्या सुमारें तेरा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर त्या मुलाला प्रथम असें वाटे कीं, जें जें दिसतें तें तें आपल्या डोळ्यांना येऊन चिकटलें आहे. घरांतील कुत्रें कोणतें आणि मांजर कोणतें हें तो वारंवार विसरे, आणि विचारण्याची त्याला लाज वाटे. एके दिवशीं त्यानें मांजर पकडलें, त्याच्या अंगावरून हात फिरविला, मग त्याच्याकडे निरखून पाहिलें, आणि आतां पुन्हां भेटलास तर ओळखीन, अशा अर्थाचे शब्द त्याला उद्देशून काढले. शस्त्रानें डोळा उघडला होता. पाहणें मात्र त्या पोराला शिकावें लागलें. डोळा असणें ही एक गोष्ट आणि त्या डोळ्याचा उपयोग करतां येणें ही दुसरी, हा भेद मांजराच्या या गोष्टींत जितका स्पष्ट दिसतो तितका तो पुढील दीडदोनशें वर्षांतील अनेक जाड ग्रंथांत दिसत नाहीं.

तान्ह्या मुलाच्या नजरेला चांगला रोजनिशीकार मिळाला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तोहि कोणी नेत्रवैद्य नव्हता. चार्लस् डार्विनचा पहिला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजीं जन्मला. ज्या बारकाईनें हा गृहस्थ किडे आणि वेली पाहत असे, त्याच बारकाईनें तो स्वतःच्या मुलाकडे पाहूं लागला व दिनांकवार टिपणें ठेवूं लागला. तीं टिपणें सदतीस वर्षें तशींच पडून राहिलीं. १८७७ मध्यें 'माइंड' या त्रैमासिकांत तीं लेखरूपानें छापलीं गेलीं. त्यांत असें नमूद आहे कीं, नवव्या दिवशींच मुलाची नजर मेणबत्तीवर ठरली, आणि पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दुसऱ्या कोणत्याहि वस्तूवर ती तशी ठरलेली दिसली नाहीं. एकोणपन्नासाव्या दिवशीं एका भडक रंगाच्या गोंड्यानें त्याचें लक्ष वेधलें. कशावरून? तर डोळे स्थिर झाले आणि हातांची चाळवाचाळव थांबली. डोळ्यांबरोबर हातांकडेहि पाहण्याचें भान या बापाला होतें, हें विशेष.

याहूनहि मोलाची नोंद बत्तिसाव्या दिवसाची आहे. आईची छाती तीनचार इंचांवर आली असतां मुलानें ओठ पुढें काढले व डोळे स्थिर केले. दुसरा कोणी बाप असता तर त्यानें 'मुलगा आईला ओळखूं लागला' असें लिहून पेढे वांटले असते. डार्विननें शंका घेतली. हें पाहण्यामुळें झालें कीं वासामुळें, अंगाच्या उबेमुळें, कीं ज्या रीतीनें मुलाला हातांत धरलें होतें त्या संवयीमुळें, हें आपणांस सांगतां येत नाहीं असें त्यानें मोकळेपणानें लिहून ठेवलें. आज लहान मुलांची दृष्टि तपासणाऱ्यांना जी खबरदारी मुद्दाम शिकवावी लागते ती हीच. आई खोलींत आली आणि मूल हंसलें, तर तें पावलांच्या चाहुलीनें हंसलें, बांगड्यांच्या आवाजानें हंसलें, कीं चेहरा पाहून हंसलें? आवाज न करतां, दुसऱ्या बाजूनें, एकदां पुन्हां आल्याशिवाय त्याचें उत्तर मिळत नाहीं.

झपाट्यानें झुलणाऱ्या वस्तूमागें डोळे फिरविणें या मुलाला साडेसात महिन्यांचा झाला तरी नीटसें साधत नव्हतें, असेंहि डार्विन लिहितो. साडेचार महिन्यांचा असतांना तो आरशांतील स्वतःच्या व बापाच्या प्रतिबिंबाकडे पाहून हंसे. बापाचा आवाज मात्र पाठीमागून येतो याचें त्याला नवल वाटे. दोन महिने पुरे होण्याच्या आंत त्याला आरशाचें मर्म कळलें. बापानें मागें उभें राहून, मुळींच आवाज न करतां, वेडेंवांकडें तोंड केलें, कीं मुलगा आरसा सोडून झटकन मागें वळून पाही. खेळ म्हणावा तर खेळ, परीक्षा म्हणावी तर परीक्षा! डार्विनच्या मागोमाग येना येथील विल्यम प्रायर यानें स्वतःच्या मुलाला पहिलीं तीन वर्षें दिवसांतून निदान तीन वेळां नियमानें पाहून १८८२ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. प्रायरची शिस्त अधिक. गोडी मात्र डार्विनच्या टिपणांतच आहे.

ही घरगुती निरीक्षणाची वाट नंतर मागें पडली, आणि त्याला कारण झाली एक अत्यंत उपयुक्त वस्तु. उट्रेख्त येथील डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यानें १८६२ सालीं लहान होत जाणाऱ्या अक्षरांच्या ओळींचा तक्ता तयार केला. चष्मा घेणाऱ्या प्रत्येकानें तो भिंतीवर पाहिलेला असतो. त्या तक्त्यानें दृष्टीला आंकडा मिळाला, आणि आंकडा मिळाला कीं शास्त्राला स्वस्थता वाटते. परंतु ज्याला अक्षर येत नाहीं, बोट दाखवितां येत नाहीं, एका जागीं बसतां येत नाहीं, त्याचें काय? डोळ्यांत दिवा धरून आंतील पडदा पाहतां येई, बाहुली आकुंचन पावते कीं नाहीं हें पाहतां येई. पण तें मूल त्या डोळ्यांनीं काय करतें याचा जबाब तेथें मिळत नसे. नवजात अर्भकाला उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसें दिसत नाहीं, आकार त्याला कळत नाहीं, असें मग पुष्कळ विद्वानांनीं गृहीतच धरलें. ज्या आया मुलांना अंगावर पाजीत होत्या त्यांना याहून निराळें कांहीं सांगावयाचें असावें. पण आयांची साक्ष कोणी नोंदवून घेत नव्हतें.

याच सुमारास दुसरी एक समजूत बळावली. अधू डोळा जितका वापरावा तितका तो झिजतो, म्हणून त्याला जपून ठेवावें! लंडनमध्यें १९०८ सालीं आणि बोस्टन येथें १९१३ सालीं मंददृष्टि मुलांसाठीं खास वर्ग निघाले, त्यांचें धोरण दृष्टि 'वांचविण्याचें' होतें. मोठीं अक्षरें, फळ्यावर खडूनें लेखन, पुस्तक शक्य तितकें कमी. या वर्गांनीं कांहीं मुलांचें कल्याण केलें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु ज्यांची दृष्टि त्याहूनहि कमी, तीं अंधशाळेंत जात आणि तेथें त्यांना पूर्ण अंध मुलांप्रमाणेंच शिकविलें जाई. ब्रेल लिपीचे ठिपके बोटांनीं वाचण्याऐवजीं कांहीं मुलें ते डोळ्यांनीं चोरून वाचीत! हें लक्षांत आल्यावर कित्येक शाळांतून अशा मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधीत, किंवा त्यांच्या हातांवर फडकें टाकीत. जो डोळा ठिपके टिपूं शकतो तो आंधळा नव्हे, हा साधा विचार पट्टी बांधणाऱ्याच्या मनांत आला नसेल काय? आला असेलहि, पण कागदावर 'अंध' असा शेरा होता.

हा शेरा कसा पडे तेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत रूढ झालेल्या व्याख्येप्रमाणें, निरोगी डोळ्याला २०० फुटांवरून दिसणारें अक्षर ज्याला, चष्मा लावूनहि, २० फुटांपर्यंत जवळ आणल्याशिवाय दिसत नाहीं तो कायद्यानें अंध. पेन्शन व सवलती वांटण्यासाठीं अशी रेघ कोठें तरी ओढावी लागते. पण या रेघेच्या अलीकडे असलेल्या मनुष्याला दार दिसतें, ताट दिसतें, समोरच्या माणसाच्या कपड्याचा रंग दिसतो. कारकुनाची रेघ शिक्षकानें प्रमाण मानली, तेथें घोटाळा झाला.

तशांत १९४० नंतर एक अकल्पित संकट आलें. अपुऱ्या दिवसांचीं मुलें जगविण्याची कला पाश्चात्य रुग्णालयांत सुधारत होती. कांचेच्या उबदार पेटींत ठेवून त्यांना भरपूर प्राणवायु देत. बोस्टनच्या थिओडोर टेरी या नेत्रवैद्यानें १९४२ सालीं प्रथम जाहीर केलें कीं, यांतील कांहीं मुलांच्या डोळ्यांत बुबुळाच्या भिंगामागें पांढुरका पडदा वाढतो व तीं अंध होतात. कारण कोणास कळेना. जेथें रुग्णालय उत्तम तेथें अंधत्व अधिक, असा विचित्र अनुभव येऊं लागला. १९५१ सालीं मेलबर्न येथील डॉक्टर केट कॅम्बेल यांनीं अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविलें, आणि अमेरिकेंतील अठरा रुग्णालयांनीं मिळून केलेल्या प्रयोगानें १९५४ मध्यें तें खरें ठरलें. तोंपर्यंत जगभरांत सुमारें १०,००० मुलें अंध झालीं असा अंदाज आहे. जीव वांचविणाऱ्या हातानेंच दृष्टि घेतली होती. दोष कोणा एकाला देतां येत नाहीं. या मुलांनीं अंधशाळा भरून गेल्या, आणि त्यांच्यांतील कित्येकांना थोडें थोडें दिसत होतें. किती दिसतें, हें मात्र तीं पाळण्यांत असतांना कोणालाच सांगतां आलें नव्हतें.

ही कोंडी फोडली ती रॉबर्ट फॅन्टझ् या मानसशास्त्रज्ञानें. कोंबडीचीं पिलें अंड्यांतून बाहेर येतांच कोणत्या आकारावर चोंच मारतात, याचा त्यानें आधीं अभ्यास केला होता. तीच युक्ति त्यानें मानवाच्या पिलाला लावली. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें त्यानें एक लहानशी बंदिस्त खोलीच म्हणावी अशी पेटी बनविली. तींत मुलाला उताणें निजवीत. वरच्या छताला शेजारीं शेजारीं दोन चित्रें टांगलेलीं असत, आणि छताला असलेल्या बारीक भोंकांतून निरीक्षक खालीं पाही. मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीवर ज्या चित्राचें इवलेंसें प्रतिबिंब पडलेलें दिसे, त्या चित्राकडे मूल पाहत आहे असें समजावयाचें व तो वेळ मोजावयाचा. बस, एवढीच कल्पना! मुलाला विचारावयाचें कांहीं नाहीं. त्याची आवड हीच त्याची भाषा. एक ते पंधरा आठवड्यांच्या तीस मुलांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, साध्या चौकोनापेक्षां बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी त्यांना अधिक वेळ गुंतवितात. १९६१ मध्यें फॅन्टझ्‌नें हें सर्व सामान्य वाचकांसाठीं लिहिलें. करड्या रंगाच्या कोऱ्या तुकड्याशेजारीं काळे-पांढरे पट्टे ठेवून त्यानें सूक्ष्मताहि मोजली. एक महिन्याच्या आंतील मुलें १० इंचांवरून एक अष्टमांश इंच रुंदीचे पट्टे ओळखीत. सहा महिन्यांचीं झालीं कीं इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतके बारीक पट्टेहि त्यांना कळत. आंधळा समजला गेलेला पाळणा एकाएकीं डोळस झाला!

सिअॅटल येथील डेव्हिडा टेलर या विदुषीनें १९७४ सालीं या युक्तींत एक मार्मिक बदल केला. पट्टे उजवीकडे आहेत कीं डावीकडे हें निरीक्षकालाच माहीत नसावें. त्यानें केवळ मुलाच्या वागण्यावरून तें ओळखावें. त्याचें उत्तर वारंवार बरोबर येऊं लागलें, तर मुलाला पट्टे दिसत आहेतच. नाहीं तर निरीक्षकाला तें कळलें कोठून? परीक्षा मुलाची आणि जबाब मोठ्या माणसाचा, असा हा डाव आहे. पुढें १९८५ च्या सुमारास हेंच साधन मध्यें भोंक असलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या रूपानें दवाखान्यांत आलें, आणि कांहीं मिनिटांत तान्ह्या मुलाची दृष्टि आंकड्यांत सांगतां येऊं लागली.

इतकें झाल्यावर काम संपलें असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. पत्त्यावरचे पट्टे दिसणारें मूल घरीं वाटींतील खाऊ चांचपून शोधतें, आणि पट्टे न दिसणारें मूल अंगणांतून बिनचूक धांवतें, असे अनुभव येतच राहिले. चेसेल्डनच्या मांजराची गोष्ट पुन्हां समोर उभी राहिली. तिचा उलगडा एका शिक्षिकेनें केला. नॅटली बॅरागा या टेक्ससमधील ऑस्टिन येथील अंधशाळेंत शिकवीत असत. तेथील 'अंध' मुलें डोळ्यांचा उपयोग करतात हें त्या रोज पाहत होत्या. त्यांनीं मोजक्या मुलांना कांहीं आठवडे पद्धतशीर रीतीनें पाहण्याचे धडे दिले, प्रथम ठळक आकृति, मग बारीक. प्रथम एक वस्तु, मग तिच्यासारख्या अनेक. १९६४ सालीं त्यांचा निबंध पुस्तकरूपानें निघाला. मुलांच्या डोळ्यांचा आंकडा होता तेवढाच राहिला होता. तरी तीं पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक पाहूं लागलीं होतीं. डोळा वापरानें झिजत नाहीं, पाहणें वापरानें वाढतें, हें सिद्ध झालें आणि डोळ्यांवरच्या पट्ट्या हळूहळू सुटल्या. एका शिक्षिकेच्या छोट्याशा निबंधानें अर्ध्या शतकाची समजूत उलथून टाकावी, असे प्रसंग विद्येच्या इतिहासांत विरळाच.

त्याच वेळीं ह्यूबेल आणि वीझेल हे दोघे शास्त्रज्ञ मांजराच्या पिलांवर प्रयोग करीत होते. पिलाची एक पापणी पहिले कांहीं महिने शिवून ठेवली, तर पुढें उघडल्यावर डोळा निर्दोष असूनहि मेंदु त्याला दाद देत नाहीं. मोठ्या मांजराच्या बाबतींत तसें कांहीं घडत नाहीं. १९६३ सालीं हें त्यांनीं प्रसिद्ध केलें व १९८१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पाहणें शिकण्याला एक मोसम असतो, आणि तो आयुष्याच्या अगदीं आरंभीं येतो, असा याचा अर्थ. जन्मजात मोतीबिंदु असलेल्या मुलावर पहिल्या दीडदोन महिन्यांतच शस्त्रक्रिया करण्याची घाई यामुळेंच करतात. मूल शाळेंत जाईल तेव्हां पाहूं, असें म्हणण्याची सोय उरली नाहीं.

आतां परीक्षेचें स्वरूपहि घरच्या खेळाकडे वळलें. इंग्लंडांत डॉ. मेरी शेरिडन यांनीं १९६० च्या सुमारास पांढऱ्या चेंडूंची माळ तयार केली. सर्वांत मोठा चेंडू अडीच इंचांचा, सर्वांत लहान एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे मोहरीहून जरा मोठा. हे चेंडू दहा फुटांवर गडद कापडावरून घरंगळत सोडावयाचे आणि मुलाचे डोळे कोणत्यामागें धांवतात तें पाहावयाचें. फिनलंडच्या लेआ ह्यूवॅरिनेन या नेत्रवैद्य बाईंनीं १९७६ सालीं अक्षरांऐवजीं सफरचंद, घर, वर्तुळ व चौकोन या चार आकृतींचा तक्ता केला; अंधुक दिसतांना या चारी आकृति सारख्याच वर्तुळाकार भासतात, त्यामुळें अंदाजपंचे उत्तर देतां येत नाहीं. त्यांचें दुसरें एक साधन त्याहून हृदयस्पर्शी आहे. एक हंसरा चेहरा, पत्त्यागणिक फिका फिका होत जाणारा. माणसाचा चेहरा हा मूळचाच फिका विषय. त्याच्या गालांत व ओठांत काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक भेद नसतो. ज्या मुलाला फिके भेद दिसत नाहींत त्याला आईचें हास्य दिसत नाहीं, तें उलट हंसत नाहीं, आणि मूल आपल्याकडे लक्षच देत नाहीं या विचारानें आई मनांतून खचते. चेहरा जवळ न्यावा, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोळ्यांत काजळ असावें, एवढ्यानेंहि पुष्कळदां फरक पडतो. आंधळेपणा आणि अबोला यांतील अंतर कधीं कधीं वीतभरच असतें. दृष्टीचा उपयोग माणसांशीं संबंध ठेवणें, हिंडणेंफिरणें, रोजचे व्यवहार आणि जवळचें बारीक काम या चार क्षेत्रांत निरनिराळा पाहावा, हा विचारहि याच बाईंनीं आग्रहानें मांडला. एका क्षेत्रांत अंध असणारें मूल दुसऱ्यांत डोळस असूं शकतें.

डोळे निरोगी आणि मेंदूला इजा, असा एक प्रकार आहे. पाश्चात्य देशांत मुलांच्या दृष्टिदोषाचें तें आज एक प्रमुख कारण मानतात. त्याचा माग पहिल्या महायुद्धांत लागला. डोक्याच्या मागील भागास गोळी लागलेल्या कांहीं सैनिकांना स्थिर वस्तु दिसत नाहीं, पण तीच हलली कीं दिसते, हें जॉर्ज रिडक यानें १९१७ सालीं नोंदविलें. जन्माच्या वेळीं गुदमरलेल्या मुलांत असेंच आढळतें. खेळण्यांच्या ढिगांत तें हरवून जातें, एकटें लाल किंवा पिवळें खेळणें हलविलें तर पाहतें. सकाळीं दिसलेलें दुपारीं थकल्यावर दिसत नाहीं. अशा मुलाला 'सोंग करतें' असें कोणी म्हटलें तर तो केवढा अन्याय!

मॉलिन्यूच्या कोड्याचें उत्तर अखेर भारतांत मिळालें. अमेरिकेंत अध्यापन करणारे पवन सिन्हा यांनीं सुरू केलेल्या 'प्रकाश' या प्रकल्पांत जन्मापासून अंध असलेल्या गरीब घरच्या मुलांवर दिल्लींत शस्त्रक्रिया होऊं लागल्या. आठ ते सतरा वर्षांच्या अशा पांच मुलांना, दृष्टि येतांच, हातानें चाचपलेला आकार डोळ्यांनीं ओळखावयास सांगितलें. त्यांना तें साधलें नाहीं. मात्र पुढें कांहीं दिवसांतच साधूं लागलें. हा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. लॉकचें 'नाहीं' खरें ठरलें, आणि 'मोसम टळला कीं सर्व संपलें' ही भीति जितकी मोठी वाटत होती तितकी मोठी नाहीं, हेंहि दिसलें.

भारतांत अपुऱ्या दिवसांचीं मुलें आतां मोठ्या संख्येनें जगतात, आणि टेरीनें वर्णिलेला पडद्याचा रोग येथें त्यामानानें थोड्या अधिक वजनाच्या मुलांतहि आढळतो. म्हणून २ किलोहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या मुलाचा दृष्टिपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आंत तपासावा असा दंडक आहे. ती तपासणी डॉक्टरची. त्यानंतर मूल घरीं येतें, आणि दुसरी तपासणी तेथें चालते. ती करणारी शिक्षिका प्रथम आईशीं बोलते: मूल कशाकडे पाहतें, कोणत्या वेळीं, किती जवळून? मग ती जमिनीवर बसते आणि बराच वेळ कांहींच करीत नाहीं, नुसती पाहते. स्टीलच्या चकचकीत ताटांतील पांढरा भात मूल बोटांनीं शोधतें काय, आणि तोच भात गडद रंगाच्या ताटलींत वाढला तर हात सरळ जातो काय? उंबरठ्याशीं तें थबकतें काय? बाटली पुढें केली तर ओठ आधीं हलतात कीं डोळे? प्रत्येक गोष्ट अंतर, उजेड आणि वेळ यांसह लिहून ठेवावयाची, आणि शंका असेल तेथें शंकाहि लिहावयाची. पुष्कळ घरांत त्या दिवशीं होणारा बदल इतकाच असतो: खिडकीचा उजेड मुलाच्या डोळ्यांवर न येतां पाठीवर यावा म्हणून सतरंजी फिरवितात, पसरलेलीं खेळणीं उचलतात, आणि काळ्या कापडावर एकच पिवळी वाटी ठेवतात.